खलाशी

मेळा स्टँडवरून सकाळी सहाची एसटी.
अण्णांच्या पिशवीत दोन दशम्या, बीपीची गोळी
आणि सप्टेंबरातही माकडटोपी.
कंडक्टरने विचारलं, देवाला का, बाबा?
अण्णा म्हणाले, नाही. उंचीला.

हा शब्द आमच्या घरातलाच.
पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं
ते खलाशी होते, पोहता न येणारे.
चौदा फुटी लाकडी स्टाफ
ढेकळात, काट्यात, तापल्या कातळावर
उभा धरायचा,
ना पुढे कलू द्यायचा ना मागे,
आणि पार तिकडे, तिपाईवरच्या दुर्बिणीत
दीक्षितसाहेब एक डोळा मिटून आकडा वाचायचे.
आकडा वहीत जायचा, वही नाशकाला यायची.
अण्णांना तो कधी कुणी सांगितला नाही.
एकदाच साहेब हसत म्हणाले होते,
"खैरनार, यातून तू उलटा दिसतोस बरं का,
पाय आभाळात, डोकं मातीत."
त्या रात्री आई म्हणाली,
तरीच पगार खिशातून सांडतो.

मोरदऱ्याचं पठार आता राखीव आहे.
नाक्यावर वनरक्षक गावितबाईंनी
आमची नावं लिहिली, पाण्याची बाटली मोजून घेतली.
"दोरीच्या आतून चाला. गवत दिसतं, पण खाली पाणी आहे.
आणि ते लाल ठिपके आहेत ना, दवबिंदू.
किडे खातात.
बुटाखाली मात्र मुकाट मरतात."
अण्णा गुडघ्यावर हात ठेवून वाकले.
नखाएवढं रोप, केसाकेसाला चिकट थेंब,
एका थेंबात चिलट, अजून पाय हलवणारं.
"माती उपाशी असणार इथली,"
ते म्हणाले.

सर्वात उंच जागा कुठली, मी विचारलं.
मला वाटलं होतं सुळका असेल, निदान झेंडा.
बाईंनी बोट केलं तिकडे काहीच नव्हतं.
सपाट माळ, धुकं, गेंदाची पांढरी बटणं,
गुडघाभर दगड, त्यावर पुसट बाण,
आणि शेजारी खात्याने बांधलेला
सहा पायऱ्यांचा लाकडी ओटा,
"लोकांना वर आल्यासारखं वाटावं म्हणून."
सिडकोतली चार पोरं त्यावर उड्या मारत
फोटो काढत होती.
दर उडीला डोंगर हातभर वाढत होता.

अण्णा ओट्यावर चढले नाहीत.
अंगठ्याने बाणावरचं शेवाळ खरवडलं,
चपला काढल्या,
काठी बाणाच्या टोकावर टेकवली
आणि दोन्ही हातांनी ताठ धरून
उभे राहिले.
हसा की, मी मोबाइल काढत म्हटलं.
हसले नाहीत.
पोरं गेली. टोपीवर पाणी जमलं.
गावितबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या,
"बाबांना बरं वाटत नाहीये का?"

तेव्हा कुठे लक्षात आलं,
समोरून हात हलल्याशिवाय
खलाशी जागा सोडत नाही.

मी दोरीच्या कडेने निघाले,
चाळीस पावलं, पन्नास, वाट वळते तिथवर.
वळून पाहिलं तर दगड नाही, ओटा नाही,
धुक्यात एक उभी रेघ,
मधेच पुसली जाणारी.
मी पोस्टात पाकिटं तोलते,
डोंगराचं मला काय कळतंय.
तरी एक डोळा मिटला.
तरी हात वर केला, हलवला.

"काय आलं?"
तिकडून आवाज.
चौतीस वर्षांत न विचारलेलं.

"सुलटे दिसताय, अण्णा!"
मी ओरडले.

धुक्याने अर्धंच पोचवलं असावं.
ते म्हणाले,
"लिहून घे."